ड्रम नाही, खोली विकत घेताय

घरचा स्टुडिओ : वाचकांचे प्रश्न

सेल लागला की आमच्या मेलबॉक्सला ताप चढतो. या वेळचे निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच गोष्टीवर आहेत, ड्रमचे एक्सपान्शन पॅक, म्हणजे तुमच्याकडे असलेल्या ड्रमच्या सॉफ्टवेअरमध्ये वरून घालायची जादा किट. कुठली घ्यायची, किती घ्यायची आणि घेतल्यावरही गाणं आधीसारखंच का वाजतं. तेव्हा गिटार आणि माइकवाल्यांनी जरा दम धरा, तुमचं पुढच्या अंकात बघतो.

प्रश्न : दादा नमस्कार. मी सांगलीचा, शाळेत शिकवतो, रात्री मुलं झोपली की वरच्या खोलीत गाणी करतो, मराठीच, गिटार आणि आवाज, थोडा कीबोर्ड. इझीड्रमर ३ हे ड्रमचं सॉफ्टवेअर घेऊन वर्ष झालं. आता सेलमध्ये चार ईझीएक्स, म्हणजे त्याचेच एक्सपान्शन पॅक, कार्टमध्ये टाकून ठेवलेत, मेटल मशीन, नॅशव्हिल, जाझ आणि फंकमास्टर्स. बजेट एकाचंच आहे. माझी गाणी हळुवार असतात पण ड्रम लावले की गाणं कुठल्यातरी स्टेडियममध्ये गेल्यासारखं वाटतं. कुठलं घेऊ?

उत्तर : सर, आधी मेटल मशीन कार्टमधून काढा. वाईट आहे म्हणून नाही, अँडी स्नीपसारख्या मेटलच्या मुरलेल्या प्रोड्युसरचं काम आहे ते, पण तुमच्या गाण्यात ते म्हणजे बारशाला तोफ.

आता त्या स्टेडियमचं बघू, कारण दुखणं तिथे आहे. सॅम्पल्ड किट म्हणजे असतं काय, तर कोणीतरी एका स्टुडिओत खराखुरा ड्रमसेट मांडला, किक म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, त्याच्या आत एक माइक, स्नेअर म्हणजे खाली तारा लावलेला कडक आवाजाचा ड्रम, त्याला वर-खाली दोन, हायहॅटला एक, टॉमना एकेक, डोक्यावर दोन ओव्हरहेड, आणि मग लांब भिंतीपाशी आणखी दोन-चार, आणि एक वादक बसून प्रत्येक ड्रमवर अगदी बोट टेकवल्यासारख्या ठोक्यापासून जीव खाऊन मारलेल्या ठोक्यापर्यंत एकेक वाजवत गेला, एकेका जोराचे परत अनेक ठोके, आणि प्रत्येक ठोक्याला हे सगळे माइक एकदम चालू. म्हणजे तुम्ही स्नेअरची एक की दाबता तिच्या मागे ढिगाने रेकॉर्डिंग असतात आणि त्यातल्या प्रत्येकात ती खोली असते, लाकूड किती, छत किती उंच, भिंत किती लांब, सगळं चिकटून आलेलं. आपण वरून लावलेला रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमणं, काढता येतो, खोली धुऊन निघत नाही, फार तर लांबचे माइक बंद करता येतात. म्हणून मी सारखं तेच सांगत असतो की पॅक घेताना तुम्ही ड्रम नाही, खोली विकत घेताय. चांगली कातडी लावून नीट ट्यून केलेला सेट सांगलीतही बरा वाजेल हो, पण ती खोली कुठून आणणार.

तुमच्या इझीड्रमर ३ ची मूळ किट बर्लिनच्या हान्झा स्टुडिओत साउंड इंजिनियर मायकेल इल्बर्ट यांनी रेकॉर्ड केलीत. हा तोच स्टुडिओ जिथे १९७७ साली डेव्हिड बोवीचा 'हीरोज' अल्बम झाला, तेव्हाच्या बर्लिनच्या भिंतीच्या अगदी जवळ. तिथल्या मोठ्या हॉलमधलं किट तुम्ही उघडता आणि त्यावर वरच्या खोलीत, मला खात्री आहे की गोधड्या टांगूनच, तोंडापासून वीतभर अंतरावर माइक ठेवून गायलेला आवाज ठेवता. आवाज कानाशी, ड्रम पन्नास फुटांवर. होणारच की स्टेडियम.

तेव्हा पैसे काढायच्या आधी आज रात्री एवढं करून बघा. त्याच सॉफ्टवेअरमध्ये लहान, कोरड्या खोलीतली किटही आहेत, त्यातलं एक उघडा. मिक्सरमध्ये जाऊन अँबियन्सचा, म्हणजे त्या लांबच्या माइकचा, फेडर पूर्ण खाली ओढा, ओव्हरहेडही थोडे खाली घ्या, आणि मग गाणं चालू ठेवून अँबियन्स अगदी तीळ-तीळ वर आणा, ड्रम तुमच्या गळ्याच्या खोलीत येऊन बसले असं वाटलं की थांबा. कडव्यात स्नेअरचा फटका काढून साइडस्टिक लावा, म्हणजे काठी आडवी धरून कडेवर टक् करतात तो आवाज. ग्रूव्हची, म्हणजे तयार ठेक्याची, व्हेलॉसिटी (ठोक्याच्या जोराचा आकडा) सगळी मिळून पंधरा-वीसने खाली आणा, कारण हळू मारलेल्या ठोक्यात नुसता आवाज लहान होत नाही, नादच बदलतो, स्नेअर मऊ होतो, झांजेचा सूर जास्त ऐकू येतो. व्हॉल्यूम कमी करणं वेगळं आणि वादकाला हळू वाजवायला सांगणं वेगळं.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये. पाच-सहा वर्षांपूर्वी एका भावगीतासाठी मी भल्यामोठ्या हॉलमधलं किट घेतलं, डेमो ऐकून अंगावर काटा आला होता म्हणून, आणि मग तीन आठवडे तो काटा गाण्यातून उपटत बसलो, गेट लाव, ईक्यू लाव, लांबचे माइक बंद कर, शेवटी सगळं बंद करून उरला तो स्नेअर माझ्याकडे आधीपासून होता त्याच्यापेक्षाही कोरडा. गायिका म्हणाली दादा नुसता तंबोरा ठेवू या का. तसंच केलं शेवटी.

तरीही पॅक घ्यायचाच असेल, आणि घ्याल हे मला माहीत आहे, तर तुमच्या चौघांत नॅशव्हिल. ती सगळी परंपराच गाणाऱ्याच्या पाठीशी बसून वाजवायची आहे, शब्द पुढे आणि ड्रम मागे, आपल्या सुगम संगीतातल्या तबलजीला जे कळतं तेच. जाझ दुसरा नंबर. फंकमास्टर्स मात्र मनातून काढून टाकताना मलाही वाईट वाटतंय, कारण त्यात फंकचा बादशहा जेम्स ब्राउन याच्याकडे वाजवणारे क्लाइड स्टबलफिल्ड आणि जाबो स्टार्क्स हे दोघे आहेत, आणि स्टबलफिल्डचा १९७० च्या 'फंकी ड्रमर'मधला तो छोटासा तुकडा किती हिपहॉप गाण्यांमध्ये उचलला गेला याची गणती नाही, आणि आता तो माणूसही नाही, २०१७ ला गेला. ऐकायला, अभ्यासाला सोनं आहे. पण तुमच्या गाण्यात ते घोस्ट नोट, म्हणजे मधले मधले अगदी हळू ठोके, शब्दांच्या मध्ये मध्ये बडबड करतील.

पॅकच्या पानावर दोन शब्द शोधा, ब्रश (तारांची कुंचली) आणि हॉट रॉड (बारीक काड्यांची जुडी). हळुवार गाण्याला काठीपेक्षा याच दोघांचा उपयोग. आणि सोबत येणाऱ्या मिडी ग्रूव्हची (मिडी म्हणजे कुठला ठोका कधी आणि किती जोरात याची नुसती नोंद) यादी बघा, सहा-आठचे, म्हणजे सहा मात्रांचे, किती आहेत ते, कारण तुमची निम्मी गाणी दादऱ्याच्या अंगाची असणार आणि बहुतेक पॅकमध्ये चार-चारच्याच ग्रूव्हची गर्दी असते. केहेरवा चार-चारमध्ये बसवता येतो, दादऱ्याला चार-चारचा ग्रूव्ह म्हणजे धोतरावर टाय.

डेमो ऐकताना एक लबाडी लक्षात घ्या. कंपनीचं डेमो गाणं म्हणजे त्यात बास आहे, चार गिटारी आहेत, वरून मास्टरिंग आहे, तुम्हाला ड्रम आवडतात का ते गाणं आवडतं हेच कळत नाही. नुसता ड्रमचा तुकडा शोधा, आणि त्यातही जोराचा भाग सोडून हळू वाजवलेला भाग ऐका. जोरात सगळीच किट भारी वाजतात.

प्रश्न : दादा, मी पुण्यात इंजिनियरिंगला आहे, मेटल करतो. मेटलचा चांगला महागाचा पॅक घेतला तरी माझा डबल किक (दोन्ही पायांनी वाजवलेला) आणि ब्लास्ट बीट (किक-स्नेअरचा तो सुसाट भडिमार) टाइपरायटरसारखे वाजतात. मित्र म्हणतो दुसरा पॅक घे. घेऊ का?

उत्तर : नको रे भावा. मित्राला सांग दुसरं गाणं ऐक.

तुझा आजार जुना आहे, त्याला मशीनगन म्हणतात, तोच तो ठोका त्याच जोराने परत परत आला की कान लगेच पकडतो. चांगल्या पॅकमध्ये एकाच जोराचे अनेक वेगवेगळे ठोके असतात आणि सॉफ्टवेअर ते आलटून पालटून वाजवतं, याला राउंड रॉबिन म्हणतात, पण तू जर माउसने सगळ्या नोट १२७ वर ठेवल्या असशील, आणि ठेवल्याच आहेस, तर ते बिचारं वरच्या एकाच थरात फिरत राहतं. मिडीची व्हेलॉसिटी १ ते १२७ आहे आणि तू सगळं गाणं एकाच मजल्यावर राहतोयस.

थोडा हिशेब कर. २०० च्या टेम्पोला सोळाव्या भागाच्या दोन ठोक्यांमध्ये ७५ मिलिसेकंद असतात, म्हणजे सेकंदाला तेरा ठोके, एकेका हाताला किंवा पायाला साडेसहा. एवढ्या वेगात कुठलाही माणूस पूर्ण ताकदीने मारूच शकत नाही, काठी वर न्यायला वेळच नसतो. म्हणून ब्लास्टमध्ये स्नेअर ९० ते १०५ च्या घरात ठेव, उजव्याला जरा जास्त आणि डाव्याला जरा कमी, १०३, ९५, १००, ९३ असं काहीतरी, आणि मात्रेवरचा ठोका थोडा उचललेला. डावा ठोका मिलिसेकंद-दोन मिलिसेकंद मागे सरकव. क्रॅशची झांज मात्र खुशाल १२० ला जाऊ दे. आणि बाबा, दोन हात दोन पाय, क्रॅश आणि राइड या दोन झांजा आणि स्नेअर एकाच वेळी वाजत असतील तर तिसरा हात कोणाचा ते तपास.

तुझ्या पंथाचा थोडा इतिहास सांगतो. इझीड्रमर बनवणारी टूनट्रॅक ही कंपनी स्वीडनमधल्या उमेओ गावची, तिथलाच मेशुगा हा बँड, आणि टूनट्रॅकच्या सुरुवातीच्या दिवसातलं 'ड्रमकिट फ्रॉम हेल' मेशुगाच्याच टोमास हाकेने ठोके मारून तयार झालं. पुढे २००५ च्या 'कॅच थर्टीथ्री'वर त्यांनी ड्रम चक्क प्रोग्रॅम केले, त्याच घरच्या सॅम्पलनी. जगातल्या कठीणातल्या कठीण वादकांपैकी एक माणूस स्वतः बँडमध्ये बसलेला असताना! ते ड्रम जिवंत वाटतात कारण ते मांडणाऱ्यांना हात कुठे थकतो हे माहीत होतं. ते तुला पॅकमध्ये नाही मिळणार, ते तुला कुठल्याही ड्रमरच्या बाजूला तासभर बसून त्याच्या खांद्याकडे बघून मिळेल.

अजून एक. मेटलची बरीच किट आधीच ईक्यू-कॉम्प्रेसर मारून, शिजवून दिलेली असतात. त्यावर तू परत यूट्यूबवर बघितलेला कॉम्प्रेसर लावला असशील तर काढ तो आधी.

प्रश्न : ८ जीबी रॅमचा लॅपटॉप, २५६ ची डिस्क. सुपिरियर ड्रमर चालेल का? आणि पॅड वाजवलं की आवाज उशिरा येतो, तो कुठल्या पॅकने कमी होईल? (लातूर)

उत्तर : सुपिरियर ड्रमर ३ म्हणजे इझीड्रमरचा मोठा भाऊ, त्याची पूर्ण लायब्ररी २३० जीबीच्या वर आहे, तुमच्या डिस्कवर मग फक्त तीच राहील आणि तुम्ही बाहेर. थोडी थोडी इन्स्टॉल करता येते, पण ८ जीबीत मोठं किट सगळ्या माइकसकट उघडलं की लॅपटॉप रडतो. इझीड्रमरसारखं हलकं काहीतरी घ्या, लायब्ररी बाहेरच्या एसएसडीवर ठेवा, आणि ड्रम एकदाचे ठरले की ऑडिओ करून टाका आणि प्लगिन बंद करा. एवढं लक्षात ठेवा की इझीड्रमरचे ईझीएक्स सुपिरियरमध्ये उघडतात, पण सुपिरियरचे एसडीएक्स इझीड्रमरमध्ये उघडत नाहीत, सेलच्या घाईत दर वर्षी कोणीतरी नेमकं उलटं घेऊन बसतं.

उशिराचं म्हणाल तर ते पॅकने कमी होत नाही, बफरने होतं, बफर म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी जेवढा आवाज साठवून पुढे पाठवतो तेवढा तुकडा. ४४१०० च्या रेटला १०२४ चा बफर म्हणजे २३ मिलिसेकंद, तुम्ही जणू ड्रमपासून आठ मीटर लांब बसून वाजवताय. १२८ केलात की तीनच्या आत, म्हणजे हाताच्या अंतरावर. (यात ऑडिओ इंटरफेसचा स्वतःचा उशीर थोडा मिळवावा लागतो, आणि विंडोज असेल तर एएसआयओ नावाचा ऑडिओ ड्रायव्हर हवाच.) वाजवताना १२८, मिक्स करताना १०२४, एवढं सोपं आहे.

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे, नाशिक. संगीताचं वेड आहे, आम्ही आडकाठी केली नाही. दर सेलला एक ड्रमचा पॅक घेतो, सात झाले. पूर्ण झालेलं गाणं अजून एकही ऐकलं नाही. आता आठवा मागतोय. काय करावं?

उत्तर : ताई, सात कुकर आणि भात एकदाही नाही, असं झालंय खरं. पण रागावू नका, ही बाधा सगळ्यांना होते, मलाही झाली होती आणि तेव्हा मी अकरावीत नव्हतो, चांगला चाळिशीचा होतो.

आठव्याचे पैसे असतील तर त्यात एक प्रॅक्टिस पॅड, काठ्यांची जोडी आणि जवळपासच्या कुठल्याही ड्रम शिकवणाऱ्याकडे तीन महिने. ड्रमर व्हायला नाही. पॅराडिडल, म्हणजे उजव्या-डाव्या हाताच्या ठरलेल्या क्रमाचा सराव, हाताने वाजवून बघितला की पॅकमधला ग्रूव्ह उघडल्यावर तो कुठला हात आहे ते त्याला दिसायला लागेल. आणि त्याला एक काम द्या, एकच ग्रूव्ह घेऊन तो सातही पॅकमध्ये वाजवायचा, सातांचा आवाज कानाला सारख्या पातळीवर आणून, कारण जो मोठा वाजतो तोच चांगला वाटतो, आणि मग डोळे मिटून सांगायचं कुठला कुठला ते. माझा अंदाज सात पैकी दोन राहतील. उरलेले पाच त्याने डिस्कवरून काढले तर त्याला कोणी काही बोलू नका.

आणि हो, कार्डवर किंमत डॉलरमध्ये दिसते तेवढीच जात नाही, त्यावर बँकेचा फॉरेन मार्कअप आणि त्या मार्कअपवर जीएसटी लागतो. सात वेळा लागलाय तो. स्टेटमेंट त्यालाच वाचायला द्या.

प्रश्न : एका साइटवरून सुंदर ड्रमची लायब्ररी घेतली, काँटॅक्ट या सॅम्पल वाजवायच्या सॉफ्टवेअरची. काँटॅक्ट प्लेअर फुकट मिळतो म्हणून टाकला, तर १५ मिनिटांनी बंदच पडते. फसवलं का मला? (ठाणे)

उत्तर : फसवलं नाही, पण पानाच्या तळाशी बारीक अक्षरात जे लिहिलेलं असतं ते वाचायचं राहिलं. काँटॅक्टच्या लायब्ररी दोन जातीच्या, एक फुकटच्या प्लेअरमध्ये चालते, दुसरीला विकतचा पूर्ण काँटॅक्ट लागतो, प्लेअरमध्ये ती डेमोसारखी पंधरा मिनिटं वाजते आणि गप्प. विकणाऱ्याला विनंती करून बघा, पण एकदा उतरवून झालीय म्हणजे बहुतेक ठिकाणी परतीची आशा नाही. तोवर गाणं अडवू नका, स्टीव्हन स्लेट ड्रम्सचं फुकट व्हर्जन किंवा एमटी पॉवर ड्रमकिट उतरवा, दोन्ही फुकट, दोन्हींनी काम होतं.

प्रश्न : शॉर्ट फिल्मच्या गाण्यात पॅकमधले ग्रूव्ह जसेच्या तसे वापरले तर कंपनीला पैसे द्यावे लागतात का?

उत्तर : सर्वसाधारणपणे नाही, तुमच्या गाण्यात वापरायलाच ते विकतात, फक्त ते ठोके सुटे करून तुमच्या नावाने परत विकायचे नाहीत. तरी लायसन्स एकदा वाचाच, कंटाळवाणं असलं तरी. एक सांगतो, तयार ऑडिओ लूप वापरलात तर तोच लूप घेऊन दुसऱ्या कोणीतरी गाणं केलेलं असतं आणि यूट्यूबवर उगाच क्लेम येऊन बसतो, मिडी ग्रूव्ह घेऊन किट बदललंत, चार ठोके इकडे तिकडे केलेत की ती कटकट होत नाही. कोणाकडून 'आणलेला' क्रॅक, म्हणजे चोरीचं सॉफ्टवेअर, वापरत असाल तर मात्र मला विचारू नका.

प्रश्न : मी कोल्हापूरचा. ड्रमकिट इतकं खरं वाजतं, मग ढोलकीचे सॅम्पल खोटे का वाजतात? लावणी करतोय.

उत्तर : वा, हा प्रश्न मला कोणीतरी विचारायची वाट बघत होतो.

ड्रमवर काठी पडली की वादकाचं काम संपलं. पुढे तो आवाज आपला आपण विझतो, त्याला कोणी हात लावत नाही, म्हणून तो एकदा टिपला की टिपला. ढोलकीत थाप पडल्यावर खरं काम सुरू होतं, डाव्या पुडीवर तळहात दाबत नेला की तो घुमारा वर चढतो, सोडला की उतरतो, आणि कुठे किती चढवायचा ते गाणारीच्या ठसक्यावर ठरतं, आधी नाही. तबल्याच्या डग्ग्याचंही तेच. म्हणजे एका बोलाचे पन्नास सॅम्पल घेतले तरी ते पन्नास ठरलेले घुमारे, आणि लावणीला लागतो एक्कावन्नावा.

स्वर सिस्टम्सचं स्वरप्लग आहे, तबला-ढोलकसकट बरीच आपली वाद्यं आहेत त्यात, नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सचं भारतीय वाद्यांचं डिस्कव्हरी सिरीजमधलं पॅक आहे, चाल बसवायला, दिग्दर्शकाला कच्चं ऐकवायला चांगलेच आहेत, मागे बारीक ठेक्याला तर खपूनही जातात. पण लावणीत ढोलकी पुढे असते, सवाल-जवाब करते. कोल्हापुरात राहून ढोलकीचं सॅम्पल विकत घेणं म्हणजे पन्हाळ्यावर बाटलीबंद वारा मागवण्यासारखं आहे. दोन तास वादक बोलवा, दोन माइक लावा, एकेका पुडीला एक. किक आणि बास मात्र पॅकमधलं खुशाल ठेवा, फक्त किकचा खालचा भाग घुमाऱ्याच्या अंगावर येऊ देऊ नका, दोघेही तळघरातच राहतात, कोणीतरी एकाने वर यायला पाहिजे.

हलगी लावणार असाल तर ती शेकून, चांगली चढल्यावर रेकॉर्ड करा, आणि दर दोन टेकनंतर परत शेका. एसीच्या खोलीत ती बघता बघता उतरते.

प्रश्न : नमस्कार, आम्ही न्यू जर्सीला असतो. मंडळाच्या गणपतीसाठी गाणं करतोय, त्यात ढोल-ताशा हवाय. आमचं बारा-पंधरा जणांचं हौशी पथक आहे पण म्हटलं रेकॉर्डिंगची भानगड नको, एखादा पॅक घेऊन टाकू. 'एपिक ड्रम' नावाचे खूप पॅक दिसतात. घ्यावा का?

उत्तर : पथक दारात असताना पॅक? अहो!

ते एपिकवाले ड्रम हॉलिवूडच्या ट्रेलरसाठी केलेले असतात, बहुतेक जपानी तैको आणि मोठे ऑर्केस्ट्राचे ड्रम, भल्यामोठ्या हॉलमध्ये. मी वर सांगितलं ना पॅक म्हणजे खोली. ढोल-ताशाची खोली म्हणजे रस्ता. लक्ष्मी रोडवर विसर्जनाला उभे राहिला असाल तर आठवा, दोन्ही बाजूंच्या इमारतींवर आपटून येणारा टिपरूचा, म्हणजे ढोलाच्या काठीचा, तो कोरडा फटका, वर मोकळं आभाळ, शेपूट लांब नाही, पण छातीत बसतो. त्याला चर्चसारखा घुमणारा हॉल लावलात की बाप्पा आले असं न वाटता कोणीतरी लढाईला निघालंय असं वाटतं.

तेव्हा स्वतःचा पॅक स्वतः करा, एका रविवारचं काम आहे. एखादं मोकळं पार्किंग, बाजूला एखादी तरी इमारत असलेलं. हातात मावणारा रेकॉर्डर बास झाला, पण लेव्हल खूप खाली ठेवा, टिपरूचा फटका मीटरला दिसतो त्यापेक्षा मोठा असतो, सर्वात जोरात वाजवायला लावून मायनस १२ डेसिबलच्या आसपास ठेवलंत की निर्धास्त. फोनवर करू नका, तो स्वतःच आवाज दाबतो आणि मग सगळे ढोल पत्र्याचे वाटतात. सुरुवातीला सगळ्यांचे ढोल एकदा आवळून घ्या.

आधी नुसते ठोके घ्या. चार ढोल एकत्र, नुसतं टिपरू, हळू, मध्यम, जोरात, प्रत्येकी सहा वेळा, मध्ये पूर्ण विझू द्यायचं. मग तसंच नुसती हाताची थापी. मग एकाच ढोलाचे. हे तुमचे सॅम्पल, कुठल्याही साध्या सॅम्पलरमध्ये टाका आणि कीबोर्डवर वाजवा.

पण त्यावर थांबू नका, कारण पथकाचा आवाज ठोक्यात नसतो, ठोक्यांच्या मधल्या फरकात असतो. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे दहा मीटर मागे उभा असलेला ढोल तुम्हाला २९ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो, आणि पन्नास ढोलांचे असे पन्नास उशीर मिळून तो जाडजूड आवाज होतो. घरी बसून एकच सॅम्पल वीस वेळा कॉपी करून थोडा थोडा सरकवला तर तसं होत नाही, उलट पाइपमधून आल्यासारखं पोकळ वाजतं, कारण तोच आवाज स्वतःला खोडत राहतो. म्हणून क्लिक, म्हणजे ताल दाखवणारी टिकटिक, कानात घालून पूर्ण गाणं चार-पाच वेळा वाजवा आणि दर वेळी सगळ्यांनी जागा बदला, एकदा माइकपासून दोन मीटर, एकदा पाच, एकदा दहा, एकदा ढोल अदलाबदल करून. पंधराचे साठ-सत्तर झाले, आणि एकही कॉपी नाही.

ताशाचे सुटे ठोके घेण्यात वेळ घालवू नका. तर्री, म्हणजे ताशाचा तो अखंड कडकडाट, सॅम्पलने होत नाही, त्या काड्यांचा उसळा मोजून मांडता येत नाही, तुमच्यातला जो कोणी सर्वात बरा ताशा वाजवतो त्याला एकट्याला उभं करून पूर्ण गाणं तीनदा वाजवून घ्या आणि त्यातलं सर्वात चांगलं ठेवा. त्याच्या कानात क्लिकऐवजी ढोल द्या म्हणजे तो त्यांना ओढून नेईल, ताशाचं कामच ते. झांजा शेवटी आणि लांबून, जवळ आल्या की बाकी काही ऐकू येत नाही. घणघणणारा टोल एकच.

शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, तिकडे पोलीस लवकर येतात म्हणे. आणि रेकॉर्डर चालू केल्यावर पहिलं अर्धं मिनिट कोणी वाजवू नका, बोलू नका, नुसतं पार्किंग रेकॉर्ड होऊ द्या, वारा, लांबच्या गाड्या जे असेल ते. नंतर तुकडे जोडताना मध्ये फटी राहतात, त्या त्यानेच भरायच्या.